वरच्या ओळीतला प्लग

यूपीएस पुन्हा कुईकुई करायला लागला, तशी सूनबाईनं हातातला डाव ओट्यावर आपटला.

"बाबा, आज मी काही म्हणजे काही ऐकून घेणार नाही हं!"

आतल्या खोलीतून हूं नाही की चूं नाही. सासरेबुवा तिथंच बसलेले असणार, जाडजूड पडदे ओढून, त्या उजळलेल्या स्क्रीनसमोर, स्टुलावर. खुर्ची रिकामी होती, पण खुर्चीवर ते बसत नसत. खुर्ची तिची होती.

आता ही 'ती' कोण ते सांगायला हवं. ती म्हणजे सूनबाईची सासू. सूनबाईनं तिला कधी पाहिलंही नव्हतं, कारण लग्न होऊन ही ह्या घरात आली त्याच्या आधीच सासूबाई गेल्या होत्या. गेल्या, असं आपलं म्हणायचं. सूनबाईला विचाराल तर सासू ह्या घरात नव्हती आणि घरातून गेलेलीही नव्हती, आणि अशा बाईबरोबर नांदायचं म्हणजे काय डोक्याला ताप असतो, ते तिचं तिलाच माहीत. हयात सासूशी निदान कडाकडा भांडून मोकळं तरी होता येतं!

सासूबाई घरी बसून कॉम्प्युटरवर टायपिंगची कामं करायच्या. शेवटचं काम होतं एका कोंबड्या पाळणाऱ्या माणसाचं. त्यानं आयुष्यभराचा अनुभव हातानं लिहून काढला होता, त्याचं पुस्तक व्हायचं होतं. बाईंचा प्रोग्रॅम जुना, आपणहून काहीही जपून न ठेवणारा. त्यात बाईंची खोड टाइपरायटरच्या काळातली. कागद पुरा झाल्याशिवाय मशीनमधून ओढायचा नाही, तसं दिवसाचं काम आटोपल्याशिवाय सेव्ह करायचं नाही. सेव्ह केलं म्हणजे काम संपलं, खुर्ची आत, दिवा बंद. मधे पाणी प्यायला किंवा दार उघडायला उठल्या, तर सगळं तसंच उघडं ठेवायच्या. एक दिवस लाइट गेली आणि सकाळपासूनचं सगळं काम पुसलं गेलं. बाई ढसाढसा रडल्या. सासरेबुवांना ते बघवलं नाही. ते तडक जाऊन यूपीएस घेऊन आले, स्वतः टेबलाखाली शिरून जोडला आणि कपड्यांवरची धूळ झटकत म्हणाले, "आता जाऊ दे लाइट किती जायची ती!"

त्यानंतर थोड्याच दिवसांत, भरदुपारी, सासूबाई वाक्य अर्धं टाकून पाणी प्यायला उठल्या आणि स्वयंपाकघरात कोसळल्या. पाणी राहिलंच.

त्या संध्याकाळी घरात माणसं जमलेली असताना लाइट गेली. सगळी आळी काळीठिक्कर, आणि ह्या एका खोलीत स्क्रीन लख्ख. त्यावर ते अर्धं वाक्य आणि त्याच्या पुढे लुकलुकणारी उभी रेघ. सासरेबुवा जाऊन तिच्यासमोर बसले ते बसलेच. मुलानं म्हणून पाहिलं, "बाबा, मी सेव्ह करून बंद करतो."

"हात लावायचा नाही," ते म्हणाले. "सेव्ह न करता ही कधी काम संपवून उठलीय का? पाणी प्यायला गेलीय ती. येईल."

दुःखाच्या भरात म्हणतायत, होतील हळूहळू शांत, असं मुलाला वाटलं. त्यानं टेबलावरची हस्तलिखिताची चळत कोंबडीवाल्याला परत केली. फक्त कागद अडकवायच्या स्टँडवर लावलेलं ते एक पान सासरेबुवांनी सोडलं नाही. कोंबडीवाला भला माणूस, त्यानं ते पान आठवून परत लिहिलं म्हणतात. मुलाचं पुढे लग्न झालं, सून आली, तरी ती रेघ तिथंच लुकलुकत होती. कीबोर्डशेजारी झाकण ठेवलेला पाण्याचा पेला असायचा, रोज ताजा भरलेला. सासरेबुवा जेवायचे तिथं आणि झोपायचे तिथंच, स्टुलाशेजारी गादी घालून. बाहेरच्या टेबलाशी ते एकदाही येऊन बसले नव्हते. सून ताट घेऊन आत जायची आणि रिकामं ताट घेऊन बाहेर यायची, बस्स.

आणि गंमत बघा, ही सून कामाला कुठे होती, तर यूपीएसच्याच कंपनीत! दिवसभर ह्या ऑफिसातून त्या ऑफिसात, बॅटऱ्या तपासायच्या, बदलायच्या. सगळे तिला बॅटरीबाई म्हणायचे. गिऱ्हाईक नेमकं एकच विचारायचं, "बाई, लाइट गेल्यावर ह्याच्यावर किती वेळ काम करता येईल?" आणि ही प्रत्येकाला खडसावायची, "काम करायला नसतो हो तो! चालू असलेलं नीट जपून ठेवा आणि उठा, एवढ्यासाठी असतो. त्याच्या जिवावर बसून राहाल तर पस्तावाल." साऱ्या गावाला हे सांगणारी बाई घरी यायची आणि सासऱ्यांपुढे मूग गिळून बसायची. कोण बोलणार? नवऱ्यानं कधीच हात टेकले होते.

पण आता बॅटरीच बोलायला लागली होती. आठवडाभर यूपीएस कुईकुई करत होता. काल झाडताना तिनं टेबलाखाली डोकं घातलं, तर आंबूस वास आला आणि डब्याची एक बाजू फुगलेली दिसली. फुगलेली बॅटरी काय करू शकते ते तिनं एका ऑफिसात पाहिलं होतं. शेजारीच पडदे, गादी, लाकडी टेबल. नवरा कामासाठी परगावी गेलेला. सुट्टीच्या दिवशी दुपारी तिनं हत्यारांची पिशवी उचलली, नवी बॅटरी काखोटीला मारली आणि सरळ आत गेली.

"बाबा, बॅटरी बदलायचीय."

"बंद पडेल ते."

"नाही पडणार. लाइट आहे तोवर ते लाइटवर चालतं. मी जुनी ओढणार, नवी सरकवणार. मोठमोठ्या ऑफिसांतली मशीनं चालू ठेवून मी हे करते. माझा धंदा आहे तो."

"आणि नेमकी तेवढ्यात लाइट गेली तर?"

"आणि रात्री तुमच्या उशाशी पेट घेतला तर? मग तुम्हीही नाही, हेही नाही आणि मीही नाही. चालेल तुम्हाला?"

सासरेबुवा स्क्रीनकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "हळू हाताळ. आणि कीबोर्डला धक्का लागू देऊ नकोस. तू रोज पुसतेस तेवढंच पुरे आहे."

सूनबाई वाकता वाकता थांबली. "मी? मी कुठे पुसते?"

"म्हणजे?"

"तुम्हीच तर कुणाला हात लावू देत नाही. मला वाटायचं, तुम्ही पुसता."

"मी?" सासरेबुवा म्हणाले. "मी तर नजर सोडून काही लावलेलं नाही त्याला."

दोघांनी कीबोर्डकडे पाहिलं. मॉनिटरच्या डोक्यावर धुळीचा थर होता. स्टँडवरच्या पानावर होता, पडद्यांच्या चुण्यांत होता. कीबोर्डची बटणं मात्र स्वच्छ होती. त्यांच्यावरची अक्षरं सासूबाईंच्या बोटांनी कधीच पुसून गेली होती, आणि ती कोरी बटणं स्क्रीनच्या उजेडात नुकती वापरल्यासारखी चकाकत होती. सूनबाईच्या अंगावर सर्रकन काटा आला. "वाऱ्यानं उडत असेल," ती म्हणाली. खोलीत वारा कसला! पडदेच उघडत नव्हते, तर वारा कुठून यायचा?

ती टेबलाखाली शिरली. कामाला लागलं की तिची भीती पळायची, हा तिचा नेहमीचा अनुभव. झाकण काढलं, तारा सोडवल्या, अडकलेली बॅटरी दोन्ही हातांनी ओढून बाहेर घेतली. चांगलीच जड, पाव फुगावा तशी फुगलेली. सवयीनं तिला मीटर लावला. काटा जागचा हलला नाही. पुन्हा लावला. कायच्या काय! ही बॅटरी आज-काल मेलेली नव्हती, हिच्यात कित्येक महिने जीव नव्हता. मग गेल्या महिन्यात लाइट गेली होती तेव्हा? तेव्हा यूपीएस साधा वाजलाही नव्हता, आता आठवलं तिला. घर अंधारात, आणि दाराखालच्या फटीतून तो पांढरा उजेड. 'चला, बाबांचं मशीन चालू आहे' असं म्हणून ती कूस बदलून झोपली होती.

तिनं टॉर्च यूपीएसच्या पाठीवर मारला. पाठीवर सॉकेटच्या दोन ओळी होत्या, असतातच तशा. वरच्या ओळीला बॅटरीचा काही संबंध नसतो. विजेचा झटका आला तर ती वाचवते, एवढंच. लाइट गेली की ती मेली. बॅटरी फक्त खालच्या ओळीला. खालच्या ओळीत होते प्रिंटर आणि टेबललॅम्प, दोन्ही सासूबाई गेल्यापासून बंद. आणि कॉम्प्युटर आणि मॉनिटर, दोघांचे प्लग वरच्या ओळीत.

सूनबाई बघत राहिली. तारा बोटांनी चाचपून पाहिल्या, प्लगपासून कॉम्प्युटरपर्यंत आणि परत. चूक नव्हती. म्हणजे अगदी पहिल्या दिवसापासून, त्या संध्याकाळपासून, ह्या कॉम्प्युटरला बॅटरी अशी नव्हतीच.

"बाबा," तिनं टेबलाखालूनच विचारलं, "हे प्लग कुणी लावले?"

"मीच. महत्त्वाचं सामान वरच्या ओळीत, किरकोळ खाली. बरोबर आहे ना?"

तिनं तोंड उघडलं, आणि लाइट गेली.

बाहेरच्या खोलीतला पंखा घरघरत थांबला. यूपीएसच्या तोंडावरचा हिरवा ठिपका विझला. मेलेली बॅटरी सूनबाईच्या मांडीवर, नवी अजून खोक्यात. 'संपलं,' तिच्या मनात आलं. 'माझ्या हातून गेली सासू.' तिनं डोळे घट्ट मिटून घेतले आणि सासऱ्यांच्या हंबरड्याची वाट बघत बसली.

हंबरडा नाही, चक्क हसू ऐकू आलं! "वा रे पठ्ठ्या! बघितलंस सूनबाई? बॅटरी काढून घेतली तरी चालू! काय मशीन आहे!"

तिनं डोळे उघडले. मांडीवरच्या बॅटरीवर पांढरा उजेड पडला होता. ती टेबलाखालून रांगत बाहेर आली. स्क्रीन चालू होता. रेघ लुकलुकत होती.

पाचावर धारण बसणं म्हणजे काय, ते तिला आज कळलं. वाटलं, उठावं आणि धूम ठोकावी. पण सासरेबुवा लहान मुलासारखे खूश होऊन तिच्याकडे बघत होते, आणि त्यांना असं एकट्याला टाकून जायला तिचा पाय उचलेना.

"बाबा, हे मशीन नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"त्या वरच्या ओळीला बॅटरी नसतेच. पहिल्यापासून नव्हती. आणि आता तर लाइटही नाही. हे चालूच राहू शकत नाही, बाबा. कशावरच नाही."

सासरेबुवांचं हसू तसंच राहिलं, पण डोळे बदलले. त्यांनी आधी स्क्रीनकडे पाहिलं, मग रिकाम्या खुर्चीकडे. "म्हणजे ही इथंच आहे," ते पुटपुटले. त्यांचा चेहरा असा काही उजळला, की सूनबाईला भडभडून आलं. "अगं, ऐकलंस का? इथंच बसलीयस होय इतके दिवस? आणि मी आपला वाट बघतोय!"

तेवढ्यात स्क्रीनचा उजेड खाली आला. अगदी थोडासा. मग कष्टानं पुन्हा वर चढला, परत खाली आला. जिना चढून आलेल्या माणसाला धाप लागावी तसा.

"काय होतंय?" सासरेबुवा घाबरले. "सूनबाई, काय होतंय तिला?"

बॅटरी संपत आली की असंच होतं, हे सूनबाईला पाठ होतं. आणि तिला एकदम रागच आला. कुणाचा ते सांगता येईना, पण आला. इतके दिवस गिळलेलं सगळं तोंडातून बाहेर पडलं.

"काय होतंय काय! दमल्यात त्या! बाबा, लाइट गेली की माणसानं जपून ठेवायचं आणि उठायचं. रोज ओरडून सांगते मी लोकांना. थोडा वेळ तग धरायला असतं ते, वर्षानुवर्षं नाही! तुम्ही त्यांच्यासाठी दिवा जागता ठेवला असं तुम्हाला वाटतंय. अहो, त्याच तुमच्यासाठी धरून बसल्यात हा दिवा! पाण्याचा घोटही न घेता!"

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. सासरेबुवा हलले नाहीत. त्यांची नजर पाण्याच्या पेल्यावर गेली, रोज भरलेल्या, रोज तशाच राहिलेल्या.

"मी बसवून ठेवलं हिला," ते म्हणाले. "होय ना?"



ते उठले. स्टूल मागे सारलं आणि खुर्चीवर बसले. तिथं बसताना त्यांनी अंग असं चोरलं, की जणू कुणाला शेजारी जागा करून देत होते. "सेव्ह कसं करायचं ते सांग," ते म्हणाले, आणि लगेच हात वर केला. "नको, थांब. वाक्य अर्धं ठेवून ही काम संपवायची नाही. आधी वाक्य पुरं करतो."

स्क्रीनवर होतं: 'दिवा एकदम बंद झाल्यास पिल्ले घाबरून एका कोपऱ्यात गोळा होतात व'. पुढचं स्टँडवरच्या पानावर होतं, कोंबडीवाल्याच्या गिचमिड अक्षरात. सासरेबुवांनी फुंकर मारून धूळ उडवली आणि कोऱ्या बटणांकडे पाहिलं. आयुष्य टायपिस्टबरोबर काढलं, पण कुठलं बटण कशाचं, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"भिंतीवर बटणांचा तक्ता आहे!" सूनबाई धावली. सासूबाईंनी शिकताना चिकटवलेला तक्ता पिवळा पडला होता. तिनं टॉर्च मारला आणि एकेक अक्षर हुडकून सांगायला लागली. "मधली ओळ, डावीकडे... अजून एक. हां, तेच!"

'एकमेकांखाली', सासरेबुवा एका बोटानं टाइप करत होते. स्क्रीन खाली जायचा, वर यायचा. "खा झालं? आता ली. अहो, ही पहिली वेलांटी पडली, दुसरी हवी! असू दे, पुसू नका, पुसत बसायला वेळ नाही!"

"शुद्धलेखन चुकलेलं हिला चालायचं नाही."

"बाबा!"

"पुसतो," ते हट्टानं म्हणाले, आणि पुसलंच. उजेड इतका उतरला की सूनबाईला त्यांचं नाकही दिसेना, तरी तो विझला नाही. कुणीतरी दात-ओठ आवळून धरून ठेवलं होतं. 'गुदमरतात.' मग 'म्हणून', त्यातला अर्धा म शोधताना दोघांची कोण तारांबळ उडाली. सासरेबुवा मध्येच हसले आणि डोळे पुसायला लागले. सूनबाई ओरडली, "रडा नंतर! आधी त्यांना मोकळं करा!"

'म्हणून त्यांना अंधाराची सवय हळूहळू लावावी.'

पूर्णविराम दिला. सूनबाईनं माउस त्यांच्या हाताखाली सरकवला, कुठं दाबायचं ते दाखवलं. नावाची चौकट आली. पहिल्या ओळीचे शब्द तिथं आपोआप आलेच होते: 'कोंबड्यांची निगा'.

"एवढंच?" सासरेबुवांनी विचारलं.

"एवढंच. आता दाबा."

त्यांचं बोट बटणावर थांबलं. सूनबाईला वाटलं, नाही दाबणार हा माणूस. त्यांनी मान वळवली, स्वतःच्या खांद्यामागे, जिथं कुणीच नव्हतं, तिथं बघून नेहमीच्या घरगुती आवाजात म्हणाले, "झालं बरं का तुझं. ऊठ आता. पाठ आखडली असेल."

आणि दाबलं.

चौकट मिटली. क्षणभर सगळं वाक्य पूर्ण, लख्ख, एकदम पहिल्यासारखं उजळलं, आणि स्क्रीन विझला. कॉम्प्युटरची घरघर थांबली. सूनबाई ह्या घरात आल्यापासून ती घरघर कधी थांबलीच नव्हती, त्यामुळे ती चालू होती हेसुद्धा तिला आत्ता कळलं. अंधारात सासरेबुवा हमसाहमशी रडत होते. तिनं चाचपडत त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि तिथंच जमिनीवर बसून राहिली.

बऱ्याच वेळानं लाइट आली, बाहेरचा पंखा फिरायला लागला. कॉम्प्युटरला कुणी हात लावला नाही. सूनबाईनं नवी बॅटरी बसवली, आणि हाताला सवय म्हणून दोन्ही प्लग वरच्या ओळीतून काढून खालच्या ओळीत लावले. सासरेबुवांनी पडदे उघडले. मग पाण्याचा पेला उचलला, स्वतः गटागटा प्यायले आणि बाहेरच्या टेबलाशी येऊन बसले. "वाढ गं," म्हणाले. "आणि तूही बस. इतके दिवस एकटीच जेवत होतीस की काय?"

नवरा परत आला तेव्हा वडील बाहेर बसून पेपर वाचताहेत, हे बघून तो दारातच थबकला. त्याला काय सांगायचं, ते दोघांनाही सुचलं नाही. बॅटरी बदलली, एवढंच सांगितलं.

आठवड्याभरानं सूनबाई आतली खोली झाडायला गेली. उघड्या खिडकीतून ऊन थेट टेबलावर आलं होतं. ती फडकं घेऊन वाकली आणि थांबली.

कीबोर्डच्या बटणांवर धूळ बसली होती.

मग कधीही न पाहिलेल्या सासूसाठी ती पहिल्यांदाच रडली, अगदी पोटभर. डोळे पुसले, फडकं झटकलं आणि एकेक बटण हळुवार हातानं पुसायला घेतलं. आता ते काम तिचं होतं.